टीव्हीमागच्या कॉम्प्युटरला रिमोट ऐकूच येत नाही: सेलपासून सोल्डरपर्यंत काय काय बघायचं

आमच्याकडे टीव्हीच्या मागे एक डबीएवढा कॉम्प्युटर लटकवलेला आहे, त्यावर कोडी नावाचा सिनेमे-गाणी लावायचा प्रोग्राम चालतो, जुनी नाटकं, पोरांची कार्टून, लग्नाच्या सीडीवरून उतरवून घेतलेला व्हिडिओ असं सगळं त्यात भरलंय. हेच सासरी करून दिलं, मग भावाकडे, मग वरच्या मजल्यावरच्या काकांकडे. आणि तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, "अरे तो रिमोट पुन्हा गेला." इतक्या वर्षांत रिमोट खरोखर गेलेला निघाला तो फक्त दोनदा. बाकी प्रत्येक वेळी रिमोट धडधाकट होता, त्याचं बोलणं मधेच कुठेतरी अडकत होतं. म्हणून नवीन रिमोट मागवायच्या आधी हे वाचा, निम्म्याहून जास्त गोष्टी फुकटात होण्यासारख्या आहेत.

आधी लक्षणं

तुमचं यातलं नक्की कुठलं ते ठरवा, कारण "चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- कुठलंच बटण दाबा, ढिम्म.
- टीव्हीजवळ उभं राहिलं की चालतो, सोफ्यावर बसलं की नाही.
- मेन्यूत नीट चालतो पण सिनेमा लागला की ऐकत नाही, पॉज करायला उठून जावं लागतं.
- एकदा दाबलं तर दोन घरं सरकतं.
- बाणाची बटणं चालतात पण ओके किंवा बॅक चालत नाही, नाहीतर होम दाबलं की भलताच ब्राउझर उघडतो.
- रात्री चालू होता, सकाळी कॉम्प्युटर झोपेतून उठतच नाही.
- दुपारी ऊन आलं की किंवा संध्याकाळी दिवे लागले की बिघडतो, एरवी ठीक.

आणि दुसरी गोष्ट, रिमोट कुठल्या जातीचा आहे. चार जाती आहेत. पहिला साधा इन्फ्रारेडवाला, ज्याच्या तोंडाशी छोटा दिवा असतो आणि टीव्हीकडे रोखून दाबावा लागतो. दुसरा यूएसबीच्या छोट्या डोंगलवाला (कॉम्प्युटरच्या यूएसबीत खुपसायचा नखाएवढा तुकडा, तोच रिमोटचं ऐकतो), ज्याला बाजारात एअर माऊस म्हणतात, तो कुठेही तोंड करून चालतो. तिसरा ब्लूटूथ. चौथा म्हणजे वेगळा रिमोटच नाही, टीव्हीचाच रिमोट एचडीएमआयच्या वायरीतून कॉम्प्युटरला हुकूम देतो, त्याला सीईसी म्हणतात. हे माहीत नसताना लोक ब्लूटूथ रिमोटला मोबाईलचा कॅमेरा लावून "दिवा दिसत नाही, गेला" म्हणतात. त्यात दिवा असायलाच हवा असं नाही हो.

सेल, आणि तेही नीट

हसू नका. सेल बदललेत असं सगळेच सांगतात आणि विचारलं की कळतं की भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातलेत. घड्याळाला अगदी थोडा करंट लागतो, त्यात मरत आलेला सेलही महिनोन्‌महिने चालतो. रिमोट बटण दाबल्याच्या क्षणी एकदम झटका ओढतो आणि तिथे तो सेल मान टाकतो. त्यामुळे मल्टिमीटर लावला तर 1.4 व्होल्ट दाखवतो, आपल्याला वाटतं बरा आहे, पण बटण दाबून धरून मोजलं की काटा खाली येतो. साधा नियम: दोन्ही सेल एकदम बदला, एक जुना एक नवा असं करू नका, आणि कोरा अल्कलाइन घाला. रिचार्जेबल सेल मुळातच 1.2 व्होल्टचा असतो, काही स्वस्त एअर माऊसना तो पुरत नाही, थोडे दिवस चालून मग अंतर कमी कमी होत जातं.

झाकण उघडलंच आहे तर स्प्रिंग बघा. पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर सेल गळालाय. अल्कलाइन सेलमधून जे गळतं ते अल्कली असतं, म्हणून इअरबडच्या टोकाला व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसलं की फेस येऊन निघतं, मग कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. हाताला लागलं तर धुवा.

ते प्लास्टिकचं कव्हर काढा

आमच्या सासूबाईंनी रिमोटला आल्या दिवशी प्लास्टिकचं कव्हर चढवलं, वर रबरबँड. वर्षभरात ते पिवळं पडलं, फोडणीचा थर बसला, आणि तक्रार काय तर "जोरात दाबावं लागतं". इन्फ्रारेडचा दिवा त्या पिवळ्या प्लास्टिकमागून मिणमिणतो, आणि बटणही पूर्ण खाली जात नाही. कव्हर काढून पाच मिनिटांत प्रश्न मिटला (दुसऱ्या आठवड्यात नवीन कव्हर आलं ते सोडा).

कव्हर काढूनही ठराविक दोन-तीनच बटणं जड असतील, म्हणजे रोज वापरातली, ओके आणि व्हॉल्यूम, तर आतल्या रबरामुळे. त्या रबरातून कालांतराने तेलकट चिकटा सुटतो आणि बटणाखालच्या काळ्या टिकलीच्या आणि सर्किटच्या पट्टीच्या मधे बसतो. रिमोट उघडता येत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी आणि टिकल्या पुसा. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको, छापलेली काळी टिकलीच निघून येते, मी घालवलेल्या दोन रिमोटांपैकी एक असाच गेला.

कॅमेऱ्याची परीक्षा (फक्त इन्फ्रारेडवाल्यांसाठी)

मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा, बटण दाबा. जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट बोलतोय. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो म्हणून पुढचा घ्या, आणि आधी चालू असलेल्या दुसऱ्या एखाद्या रिमोटवर करून बघा म्हणजे तुमच्या फोनला दिसतं की नाही ते कळेल. ही परीक्षा महत्त्वाची अशासाठी की इथून पुढची सगळी शोधाशोध एकाच बाजूला होते: दिवा दिसला तर रिमोट सोडा आणि रिसीव्हरच्या, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या इन्फ्रारेड ऐकणाऱ्या डोळ्याच्या, मागे लागा.

रिसीव्हर शोकेसच्या काचेमागे, गणपतीच्या मूर्तीमागे, साउंडबारच्या आड गेलाय का बघा. खिडकीतलं ऊन थेट त्याच्यावर पडत असेल तर दुपारी तो आंधळा होतो, उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. काही सीएफएल आणि स्वस्त एलईडी दिवेही त्रास देतात, दिवा बंद करून बघणं हीच परीक्षा, त्याला पैसे पडत नाहीत.

डोंगलवाल्यांचं खरं दुखणं

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय ते. भावाकडचा एअर माऊस मेन्यूत शहाण्यासारखा वागायचा आणि सिनेमा लागला की रुसायचा. त्याने तीन वेळा सेल बदलले, एकदा अख्खा रिमोट बदलला, नवाही तसाच. मी गेलो तेव्हा पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. सिनेमांची हार्डडिस्क निळ्या यूएसबी पोर्टात (निळा म्हणजे वेगवान यूएसबी 3, काळा म्हणजे जुना यूएसबी 2), आणि तिला अगदी खेटून शेजारच्या पोर्टात नखाएवढं डोंगल. झालं. हार्डडिस्क ओढून काढली की रिमोट सुरळीत, लावून सिनेमा सुरू केला की बंद. मेन्यूत असताना डिस्कवरून फारसं काही वाचलं जात नाही म्हणून तेव्हा चालतो, सिनेमा लागला की डेटा वाहायला लागतो आणि गोंगाट सुरू.

कारण असं की यूएसबी 3 च्या वेगात डेटा जातो तेव्हा पोर्ट, वायर आणि डिस्कच्या डबीतून जो रेडिओचा गोंगाट निघतो तो नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास पडतो, आणि हे डोंगल बोलतं तेही तिथेच. इंटेलनेच 2012 साली यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं, त्यामुळे हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. रास्पबेरी पायवाल्यांनो (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, त्याला नुसतं पाय म्हणतात), पाय 4 म्हणजे 2019 पासून निळे पोर्ट आलेत, त्याआधीच्या पायवर हा प्रकार नव्हता, म्हणून "जुन्यावर चालत होतं, नवीन घेतलं आणि बिघडलं" हे ऐकू आलं की मी आधी हेच विचारतो.

उपाय पायरीने करा. डोंगल काळ्या पोर्टात घाला आणि डिस्कपासून लांब. तेवढ्याने नाही झालं तर यूएसबीची एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घ्या, साधी यूएसबी 2 ची पुरते, आणि डोंगल टीव्हीच्या खालच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीने समोर आणून चिकटवा. याने डिस्कपासून लांबही जातं आणि टीव्हीच्या पत्र्याच्या आडूनही बाहेर येतं. भावाकडे ती वायर अजून तशीच लोंबतेय, वहिनीला आवडत नाही, पण रिमोटची तक्रार परत आलेली नाही.

वायफायही याच पट्ट्यात आहे. बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरी राउटर असतो, आणि राउटर टीव्हीच्याच टेबलावर ठेवायची आपली पद्धत. राउटर तीन-चार फूट सरकवा, कॉम्प्युटर 5 गिगाहर्ट्‌झवर किंवा सरळ लॅनच्या वायरीवर घ्या, आणि 2.4 चा चॅनल ऑटोवर न ठेवता 1, 6, 11 यातला एकेक करून बघा. मायक्रोवेव्हही 2.45 लाच चालतो, त्यामुळे कुणी जेवण गरम करत असताना रिमोट अडखळला तर त्यात नवल नाही, दोन मिनिटं थांबा.

पायवाल्यांसाठी अजून एक. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते का? म्हणजे पॉवर कमी पडतेय आणि यूएसबीला लावलेल्या वस्तू मधेच गायब होतात, त्यात डोंगलही. पाय 4 ला 5.1 व्होल्ट 3 अँपिअरचा ॲडॅप्टर लागतो, मोबाईलचा जुना चार्जर लावून "चालतंय की" म्हणू नका. वर सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून 1.2 अँपिअरच मिळतो, त्यात बिनॲडॅप्टरची हार्डडिस्क आली की बाकीचे उपाशी.

नोटपॅडची परीक्षा

हे सगळं करूनही नाही, तर आता कळायला हवं की बटण कॉम्प्युटरपर्यंत पोचतंय का. विंडोजवर नोटपॅड उघडा, दोन-चार ओळी काहीही टाइप करून ठेवा, आणि रिमोटची बटणं दाबा. बाणाने कर्सर हलतो, ओकेने नवी ओळ येते, व्हॉल्यूमची पट्टी दिसते. हे झालं तर रिमोट, सेल, डोंगल, हवा सगळं ठीक आहे, दोष कोडीच्या सेटिंगचा. काहीच झालं नाही तर सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवू नका, वरच्या पायऱ्यांकडे परत जा किंवा डोंगल दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. लिब्रेएलेकवर (विंडोजऐवजी घालायची, नुसतं कोडी चालवणारी लिनक्स सिस्टीम) नोटपॅड नसतं, तिथे कोडीच्या सिस्टीम सेटिंगमध्ये लॉगिंग आहे, त्यात डीबग चालू करून बटण दाबलं की कुठली की, म्हणजे कुठलं बटण, आली ते लॉगमध्ये उमटतं. माझा तरी सगळ्यात जास्त वेळ याच एका परीक्षेने वाचवलाय.

बाण चालतात, ओके चालत नाही

बरेच एअर माऊस मुळात अँड्रॉइडच्या डब्यांसाठी बनवलेले असतात. आपल्याला वाटतं ओके म्हणजे एंटर, पण रिमोट एंटर न पाठवता "सिलेक्ट" नावाची वेगळीच की पाठवतो. लिनक्सवर जुन्या पद्धतीचा डेस्कटॉप असेल तर तो 255 च्या वरचे की-कोड घेतच नाही आणि सिलेक्टचा नंबर 353 आहे, त्यामुळे बटण पोचतं आणि दारातच राहतं. तसंच होम बटण "ब्राउझरचं होमपेज" पाठवतं, म्हणून विंडोज ब्राउझर उघडून बसतं, त्याची चूक नाही.

कोडीपर्यंत की पोचत असेल तर कीमॅप एडिटर नावाचं ॲडऑन टाका, कृती निवडा, बटण दाबा, सेव्ह करा. कीबोर्ड जोडून ठेवा, कारण बॅकचं बटण चुकून दुसऱ्याला दिलं तर बाहेर यायला रस्ता राहत नाही, अनुभव आहे. की कोडीपर्यंतच येत नसेल तर लिनक्सच्या पोटात शिरून कोड बदलावा लागतो, तो एक रविवार मोकळा असेल तरच करा, नाहीतर चारपाचशे जास्त घालून ओकेला सरळ एंटर पाठवणारा रिमोट घ्या.

एकदा दाबलं, दोनदा सरकलं

हा रिमोटचा दोष वाटतो पण बहुतेक वेळा दोन कान एकच बोलणं ऐकत असतात. इन्फ्रारेडवाल्यांनी लिनक्सवर जुन्या काळच्या सूचना वाचून लिर्क नावाचा प्रोग्राम टाकलेला असतो, पण 2010 पासून लिनक्सचा गाभाच इन्फ्रारेड स्वतः समजून घेतो. मग तोही एक दाब कळवतो आणि लिर्कही. एक बंद करा. दुसरा प्रकार म्हणजे टीव्हीचा रिमोट सीईसीतूनही पोचतो आणि शेजारचा इन्फ्रारेड रिसीव्हरही तोच ऐकतो. तिथेही तेच, एक कान बंद.

झोपलेला कॉम्प्युटर

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या यादीत डोंगल दिसतं, त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "कॉम्प्युटरला जागं करू द्या" याला टिक हवी. आणि यूएसबी रूट हबवर "वीज वाचवायला बंद करा" ही टिक काढा, कारण हीच विंडोज अपडेटनंतर गुपचूप परत आलेली मी पाहिलीय. कॉम्प्युटर पूर्ण शटडाउन असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडायची मूळ सेटिंगं) ईआरपी नावाचं सेटिंग बघा, ते चालू असेल तर बंद अवस्थेत यूएसबीचा करंटच तोडला जातो, मग डोंगलला ऐकायला जीवच नसतो. बायोसमध्ये बाकी काही चाळवू नका, बाहेर पडा.

सीईसी आणि ब्लूटूथ, थोडक्यात

सीईसीला प्रत्येक टीव्ही कंपनीने वेगळं नाव दिलंय, सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. काल चालत होतं आज नाही असं असेल तर टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हीचे प्लग भिंतीतून काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा. नुसत्या रिमोटने बंद करून उपयोग नाही, आतली आठवण तशीच राहते. पाय 4 वर पॉवरच्या शेजारचं एचडीएमआय वापरा. आणि साध्या पीसीच्या ग्राफिक्स कार्डांना सहसा सीईसी नसतंच, त्यामुळे सेटिंग शोधत बसू नका, त्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर मिळतो.

ब्लूटूथ रिमोटचं जोडणं काढून पुन्हा जोडा. पाच-दहा मिनिटं न वापरल्यावर पहिला दाब वाया जातो, तो रिमोट स्वतः जागा होत असतो, बिघाड नाही. रास्पबेरी पायला पूर्ण धातूची पेटी असेल तर ती काढून बघा, अँटेना आत कोंडलेली असते.

इथे थांबा

स्वतः इन्फ्रारेड रिसीव्हर जोडणाऱ्यांनो, टीएसओपी 1738 आणि 38238 हे रिसीव्हर दिसायला भावंडं आहेत पण त्यांच्या तीन तारांचा क्रम वेगळा आहे. 1738 ला जमीन (ग्राउंड), पॉवर, आउटपुट, तर 38238 ला आउटपुट, जमीन, पॉवर. शिवाय 1738 ला 5 व्होल्ट लागतात आणि त्याचं आउटपुटही तेवढंच येतं, रास्पबेरी पायच्या पिनांना 3.3 व्होल्टच्या वर चालत नाही. माझी एक पिन कायमची मेली ती यातच. 38238 घ्या, 3.3 वर चालतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाल्याकडून दोन टाके मारून घ्या.

यूएसबी पोर्ट हलतोय, डोंगल हातात घेतलं तर चटका बसतो, जळका वास येतो, ॲडॅप्टर फुगलाय, यातलं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि दुकानात न्या, सेटिंगने ते सुटणार नाही.

आणि एचडीएमआयची वायर किंवा कॅबिनेटचा पत्रा हाताला लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर रिमोट विसरा, आधी वायरमनला बोलवा. याचा अर्थ त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा सुटलंय. काकांकडे हेच होतं, सीपीयू दोन पिनच्या एक्स्टेन्शनवर आणि तिसरी पिन हवेत, डोंगल सारखं हँग व्हायचं आणि काकू म्हणायच्या टीव्हीला मुंग्या येतात. वायरमनने अर्थिंग ओढून दिलं, दोन्ही बंद झालं.

दुकानात जाल तेव्हा रिमोट आणि डोंगल दोन्ही बरोबर न्या. या दोघांची जोडी कारखान्यातच जमवलेली असते, एकाचं डोंगल दुसऱ्याच्या रिमोटशी सहसा बोलत नाही, आणि नुसता रिमोट नेला तर दुकानदार सेल घालून "दिवा लागतोय ना, चालू आहे" म्हणून परत पाठवेल.